भीमा-घोड नद्यांचे संयुक्त संगोपन (शिरूर व दौंड तालुके)

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून वाहणाऱ्या भीमा, घोड, मुळा-मुठा व वेळ या नद्यांचा प्रवाह, पात्र आणि निर्मळता यांच्या रक्षणाचा जो भार नगरपरिषदा, ग्रामपंचायती, सरकारी खाती व वैधानिक मंडळे यांच्यात तुकड्यातुकड्यांनी वाटला गेला आहे, तो या सर्वांनी एकत्र येऊन, एका दप्तराखाली आणि एका उत्तरदायित्वाने वाहावा, या हेतूने झालेली व व्हावयाची व्यवस्था. ही व्यवस्था सर्वांगांनी पूर्ण अशी या दोन तालुक्यांत अद्याप उभी राहिलेली नाही. परंतु तिचे अंश निरनिराळ्या कायद्यांत, समित्यांत आणि पूरकाळाच्या रिवाजांत विखुरलेले आढळतात, आणि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या अंशांचाच विचार केला आहे.

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा तुळापूर येथे इंद्रायणीला पोटात घेऊन कोरेगाव भीमावरून पूर्वेकडे वळते. तळेगाव ढमढेरेच्या बाजूने आलेली वेळ नदी तिला मिळते. आणि पुढे शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस व दौंड तालुक्यातील वाळकी यांच्या परिसरात पुणे शहराचा सारा उपयोग संपवून आलेली मुळा-मुठा तिच्यात विलीन होते. घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या सह्याद्रीत जन्मते, डिंभे धरणात अडते, कुकडीचे पाणी घेते आणि शिरूर शहराच्या कडेने जाऊन चिंचणी येथील घोड धरणात शिरते. तेथून सुटलेला प्रवाह दौंडच्या वरच्या अंगास भीमेस मिळतो. हा एकवटलेला ओघ दौंड शहराच्या उशाशी रेल्वेच्या पुलाखालून, पेडगावचा किल्ला आणि सिद्धटेकचे गणेशस्थान मागे टाकीत उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयास जाऊन भिडतो. या रचनेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, ती ही की, दोन्ही नगरे धरणाच्या वरच्या तोंडाशी वसलेली आहेत : शिरूरने नदीत सोडलेले पाणी घोड धरणात साठून कालव्यांवाटे शिरूर व पलीकडच्या श्रीगोंदा तालुक्याच्या शिवारात पसरते, आणि दौंडने सोडलेले पाणी उजनीत साठून सोलापूर जिल्ह्याच्या शेतांत व घशांत उतरते. एकूण ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढ्या त्या जलाशयात वरून आलेला मळ वाहून जात नाही, थांबतो. म्हणून येथील नगरसंस्थांचा सांडपाण्याविषयीचा प्रत्येक ठराव हा वस्तुतः दुसऱ्या जिल्ह्याच्या आरोग्याविषयीचा ठराव असतो.

शिरूर हे घोडनदी या नावानेही परिचित असलेले जुने छावणीचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंग्रजी फौजेचा तळ होता, आणि १८६८ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. दौंडचा उदय मुख्यत्वे आगगाडीने केला; १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाल्यावर ते जंक्शन बनले. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. या अवर्षणप्रवण मुलखात नदी व कालवा हीच शेतीची भिस्त असल्यामुळे पाण्याच्या परिमाणाविषयी येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जागरूक राहिला. पाण्याच्या गुणाविषयीची जागरूकता त्याच्यावर परिस्थितीने अलीकडे लादली.

संयुक्त व्यवस्थेस पहिला अडसर नकाशाचा आहे. मुलकी कारभाराने नद्यांना सरहद्दीचे काम दिले : बऱ्याच अंतरापर्यंत भीमा ही शिरूर व दौंड यांच्यामधील आणि पुढे दौंड व श्रीगोंदा यांच्यामधील हद्द आहे, तर घोड ही पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांमधील. शिरूरच्या पुलापलीकडचे गव्हाणवाडी हे गाव दुसऱ्या जिल्ह्याचे. दौंडच्या समोरचा काठही तसाच. त्यामुळे वाळूउपसा करणाऱ्या यांत्रिक बोटीवर एका तहसीलदाराचे पथक चालून आले की ती पलीकडच्या काठास लागते आणि अंमलाबाहेर जाते. हद्दीच्या मध्यरेषेपाशी प्रत्येक कचेरीची जबाबदारी संपते; आणि नदीचा प्रवाह तर त्या मध्यरेषेवरूनच वाहत असतो.

दुसरा अडसर कायद्यांच्या वाटणीचा. पात्रातील वाळू १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे महसूल खात्याची. धरणे, बंधारे व कालवे जलसंपदा विभागाचे आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचे. शहरांचे मैलापाणी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखालील नगरपरिषदांचे, आणि गावांचे ग्रामपंचायतींचे. औद्योगिक वसाहतींचा कारभार औद्योगिक विकास महामंडळ पाहते. बांधकाम-परवानग्यांचा काही अधिकार २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला, कारण त्याच्या क्षेत्रात या दोन्ही तालुक्यांची काही गावे येतात. आणि या सर्वांनी नदीत जे सोडले त्याची तपासणी करून नोटीस बजावण्याचे काम १९७० पासून अस्तित्वात असलेले राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. यांपैकी कोणतीही संस्था अनावश्यक नाही, आणि कोणाचेही अधिकार काढून घ्यावेत असेही नाही. उणीव एवढीच की, यांतील एकाही कचेरीकडे अख्खी नदी सोपविलेली नाही.

या वाटणीचे परिणाम कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर जितके उघडे दिसतात तितके अन्यत्र दिसत नाहीत. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना ढापे (पाणी अडविणाऱ्या फळ्या) बसवून पाणी अडविले जाते, आणि ते अडविणे शेतीच्या दृष्टीने अत्यंत इष्ट आहे. परंतु वरून येणारे पाणी मैल्याने संपृक्त असल्यामुळे त्या निश्चल फुगवट्यावर जलपर्णी माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि डासांचा उपद्रव काठच्या वस्तीला असह्य होतो. ढापे जलसंपदा विभागाचे, मैला वरच्या नगराचा, आणि जलपर्णी काढण्याचा तगादा मात्र त्या ग्रामपंचायतीकडे, जिच्या वार्षिक उत्पन्नात एक यंत्र भाड्याने घेण्याचीही ऐपत नसते. एखाद्या गावाने पदरमोड करून आपला बंधारा मोकळा केला तरी वरच्या बंधाऱ्याचे ढापे निघताच तिकडची जलपर्णी वाहत येऊन तेथेच स्थिरावते. एकाकी प्रयत्नाची निष्फळता याहून स्पष्टपणे सिद्ध करणारा पुरावा शोधण्याची गरज नाही.

आणि येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे : भीमेवरील मळाचा मोठा भार शिरूर वा दौंड यांचा नव्हे, तो पुणे महानगराचा आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याची ९९० कोटी २६ लक्ष रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. प्रतिदिनी सुमारे ४७७ दशलक्ष लिटरच्या पूर्वीच्या शुद्धीकरणक्षमतेत अकरा नव्या केंद्रांद्वारे ३९६ दशलक्ष लिटरची भर घालण्याचा तिचा संकल्प होता. परंतु तिच्या कामास वर्षानुवर्षांचा विलंब लागला, आणि त्या विलंबाची किंमत राहू, पिंपळगाव, वाळकी, पारगाव या काठांवरील विहिरींनी मोजली. मुंढवा येथे बंधारा व उपसा केंद्र बांधून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी जुन्या मुठा कालव्यात टाकावे आणि दौंड-इंदापूरच्या शेतीस द्यावे, वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट, अशी तजवीज महानगरपालिका व जलसंपदा विभाग यांच्या करारातून झाली. शहर व ग्रामीण भाग यांच्यातील पाण्याच्या देवघेवीचा हा या खोऱ्यातील एक मोठा तहनामा होय. मात्र ज्यांच्या शेतात ते पाणी जाणार ते खातेदार त्या करारात पक्षकार नाहीत, आणि पाण्याच्या गुणाबद्दल तक्रार करावयाची तर त्यांना दोन्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. भीमेच्या काठी वसलेले दौंड पिण्याच्या पाण्यासाठी खडकवासला धरणाच्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहते, ही वस्तुस्थिती कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

स्थानिक भार त्यामुळे क्षम्य ठरत नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंड तालुक्यात रसायन-कारखान्यांची कुरकुंभ वसाहत आहे. दोन्हीकडे साखर कारखाने आहेत. आणि उसाच्या शेतांतून खतांचा अंश नदीत उतरत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत सर्वाधिक, म्हणजे ५३, पट्टे महाराष्ट्राचे निघाले, आणि त्यांत अण्णापूर ते शिरूर हा घोड नदीचा पट्टाही होता.

त्या यादीवरूनच संयुक्त व्यवस्थेची एक औपचारिक पायरी निर्माण झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २० सप्टेंबर २०१८ रोजी प्रत्येक राज्यास नदी पुनरुज्जीवन समिती नेमण्याचा हुकूम केला. पर्यावरण, नगरविकास व उद्योग या विभागांचे संचालक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य सचिव असे चौघे तिचे सभासद, आणि दूषित पट्टे निदान स्नानयोग्य करणे, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणणे, हे तिचे कार्य. खात्यांना एका मेजाभोवती बसविणारी ही योजना निश्चितच स्तुत्य होती; परंतु त्या मेजाभोवती नगराध्यक्षांस, सरपंचांस वा पाणी वापर संस्थांस आसन नव्हते. तत्पूर्वी २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना घोषित करून भीमाशंकरापासून पंढरपूरपर्यंतची भीमा एकाच दृष्टीत घेतली होती, आणि या दोन तालुक्यांच्या दृष्टीने आजवरची सर्वांत यथार्थ चौकट तीच होय, असे म्हणावे लागते. वारकऱ्याच्या चंद्रभागेची, म्हणजे पंढरपूरच्या भीमेचीच, शुचिता दौंडच्या नाल्यापाशी आणि पुण्याच्या शुद्धीकरण केंद्रापाशी ठरते, हे तिने सरकारी कागदावर मान्य केले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून सुरू झालेल्या ‘चला जाणूया नदीला’ अभियानाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमून नदीप्रेमी नागरिकांस त्यांत स्थान दिले. नदीकाठच्या नगरांची जी राष्ट्रीय आघाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली, तिचा मेळावा फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात भरला.

या सर्व प्रयत्नांहून अधिक शिकवण देणारे उदाहरण मात्र कोणत्याही योजनेच्या नावाने ओळखले जात नाही. दर पावसाळ्यात खडकवासल्यातून किती पाणी सोडले, पुण्यात बंडगार्डन येथे ते किती भरले, घोड धरणातून किती आले आणि दौंडच्या पुलापाशी भीमेचा विसर्ग किती क्युसेक झाला, हे आकडे तासातासाला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात. दौंडचा आकडा ऐकून उजनीचे अभियंते दारांचा निर्णय घेतात, आणि पंढरपूरचा तहसीलदार चंद्रभागेच्या वाळवंटातील माणसे हलवितो. तीन जिल्ह्यांची मुलकी, पोलीस व पाटबंधारे खाती त्या दिवसांत हद्दीचा प्रश्न काढीत नाहीत. दौंडचा विसर्ग हा सोलापूरकरांच्या तोंडी असलेला शब्द आहे. त्याचप्रमाणे कालवा सल्लागार समितीत शहराचे पिणे आणि तालुक्यांचे सिंचन यांचा हिशेब, कितीही वादळी चर्चेनंतर का होईना, एका बैठकीत मांडला जातो. अर्थात पाण्याच्या परिमाणापुरते संयुक्त संगोपन या खोऱ्यात रुळलेले आहे. जे मोजले जाते, ज्याचा आकडा सर्वांना एकाच वेळी कळतो, आणि जो आकडा चुकल्यास कोणाला जाब द्यावा लागतो हे ठरलेले असते, तेथे खात्यांची एकजूट आपोआप घडते. पाण्याच्या गुणासाठी यांपैकी काहीच झालेले नाही.

परदेशात अशा संयुक्त व्यवस्थेचा एक जुना व्यवस्थित प्रयोग जर्मनीतील एम्शर नदीवर झाला. कोळसा व पोलाद यांच्या त्या प्रदेशात रोगराईने त्रस्त झालेल्या नगरपालिका, खाणमालक आणि कारखानदार यांनी १४ डिसेंबर १८९९ रोजी बोखुम येथे एक सहकारी संघ स्थापिला, आणि १९०४ च्या प्रशियन कायद्याने त्याचे सभासदत्व अनिवार्य केले. ज्याने नदीवर जितका भार टाकला अथवा तिच्या व्यवस्थेपासून जितका लाभ घेतला, तितकी त्याची वर्गणी, हे त्याचे मूलतत्त्व. वसुलीला कायद्याचे बळ, आणि कारभारात वर्गणीदारांचे मत. या संघाने प्रथम नदीचे उघडे गटारच केले, कारण खाणींमुळे जमीन खचत असल्याने भुयारी नळ टिकत नव्हते. खाणी हटल्यावर १९९२ पासून मैल्याला भुयारी वाट करून देण्यात आली, आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर मैलामुक्त झाली. शतकभर एकच संस्था टिकली म्हणूनच तिला आपले पहिले काम मोडून दुसरे उभारता आले. आपल्याकडील समित्या अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर विस्मृतीत जातात.

घटनात्मक आधार भारतातही उपलब्ध आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ य घ प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने आराखडा करताना पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, विशेषतः पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, विचारात घेणे आवश्यक ठरविले आहे. शिरूर व दौंड यांच्या बाबतीत त्या तरतुदीच्या आधारे असे सुचविता येते की, दोन्ही नगरपरिषदा, काठच्या ग्रामपंचायती, पाणी वापर संस्था, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि पुणे महानगरपालिका यांचे एक स्थायी मंडळ नेमून श्रीगोंदा व सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडील प्रतिनिधींनाही त्यात मताचा हक्क द्यावा. मुळा-मुठेच्या संगमापाशी, शिरूरच्या वर व खाली, आणि दौंडच्या पुलावर विसर्गाच्या आकड्याबरोबर पाण्यातील प्राणवायूचा आकडाही दररोज घेऊन तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि प्रत्येक घटकाची वर्गणी त्या आकड्यांवरून दरसाल ठरावी. यात पुण्याच्या वाट्यास सर्वाधिक रक्कम येईल, आणि ती तशीच येणे न्याय्य आहे. ढापे केव्हा बसवावयाचे व केव्हा काढावयाचे याचे एक सामाईक वेळापत्रक, त्यापूर्वी वरपासून खालपर्यंत क्रमाने जलपर्णी काढण्याची तरतूद, आणि वाळूउपशावर दोन्ही काठांच्या तहसीलदारांचे संयुक्त पथक, ही कामे तर नव्या कायद्याची वाट न पाहता, दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने पहिल्याच हंगामात सुरू करता येण्याजोगी आहेत.