घडविलेला संघ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासाचा विषय निघाला की राज्ये, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज मी एका फुटबॉल क्लबाचा इतिहास सांगणार आहे. खेळातील हारजीत सांगणे हा त्यामागील हेतू नव्हे. कोणतीही संस्था माणसे कोठून आणते, ती कशी घडविते आणि त्या माणसांचे तिच्यावर काय ऋण राहते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबाच्या चरित्रात तो जितक्या स्पष्टपणे दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

या क्लबाचा जन्म १८७८ सालचा. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डब्यांच्या कारखान्यातील कामगारांनी तो काढला. १९०२ साली दिवाळे वाजण्याची पाळी आली, तेव्हा नवे धनी मिळाले आणि नावही नवे मिळाले. पुढे १९०८ व १९११ साली लीगचे अजिंक्यपद आले आणि मग वीस वर्षे उतरती कळा लागली. १९३१च्या नाताळात तर खेळाडूंचा पगार द्यावयास तिजोरीत पैसा नव्हता. त्या वेळी जेम्स गिब्सन नावाच्या व्यापाऱ्याने दोन हजार पौंड दिले आणि क्लब तरला. तरीही १९३४ साली, मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी मिलवॉलला २-० असे हरविले म्हणूनच तो तिसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून वाचला.

ज्या घरात विकत घ्यावयास पैसा नसतो, त्या घरात परसात भाजी लावण्याची बुद्धी सुचते. गिब्सन आणि क्लबाचे चिटणीस वॉल्टर क्रिकमर यांना ती सुचली. १९३८च्या सुमारास त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांसाठी 'मँचेस्टर युनायटेड ज्युनियर अ‍ॅथलेटिक क्लब' अशी एक शाखा काढली. लुई रोका या जुन्या कार्यकर्त्याने गावोगावी ओळखीची माणसे जोडून मुले हेरण्याचे जाळे विणले. तेव्हा हे पुरते ध्यानात घ्यावे की, ज्या तरुण-धोरणाची पुढे जगभर वाखाणणी झाली, त्याच्या मुळाशी आदर्शवाद कमी आणि दारिद्र्य अधिक होते. पण दारिद्र्यातून निघालेल्या सर्वच युक्त्या टिकत नाहीत. ही का टिकली, हे पाहावयाचे आहे.

मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात क्लबाचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले. १९४९ पर्यंत या क्लबाने आपले सामने शेजारच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या, मैदानावर भाड्याने खेळले. अशा स्थितीत, १९४५ साली, मॅट बस्बी हा पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ व्यवस्थापक म्हणून आला. बस्बी स्कॉटलंडमधील खाणकामगाराच्या घरातला. पहिल्या महायुद्धात त्याचे वडील मारले गेले होते. स्वतः तो मँचेस्टर सिटी व लिव्हरपूल या क्लबांकडून खेळलेला. युद्धाच्या अखेरीस इटलीत बारी येथे सैनिकांपुढे एक वेल्श खेळाडू फुटबॉलविषयी बोलत असता बस्बीने त्याला ऐकले आणि तेथेच त्याला साहाय्यक होण्याचे आमंत्रण दिले. त्याचे नाव जिमी मर्फी. बस्बीने घेतलेला हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय. बस्बीने खेळाडू घेण्यापूर्वी खेळाडू घडविणारा घेतला.

बस्बीला वारशात काही तयार माणसे मिळाली होती. पिअर्सन, अ‍ॅस्टन, मॉरिस ही युद्धापूर्वी क्लबात आलेली मुले आता ऐन भरात होती. त्यांच्या बळावर १९४८ साली ब्लॅकपूलचा ४-२ असा पराभव करून एफ. ए. कप जिंकला आणि १९५२ साली एक्केचाळीस वर्षांनी लीगचे अजिंक्यपद परत आले. येथे साधारण व्यवस्थापक काय करतो? विजयी संघ तसाच ठेवतो आणि एखादा म्हातारा झाला की बाजारातून दुसरा आणतो. बस्बीने तसे केले नाही. अजिंक्यपद हाती असतानाच त्याने जुना संघ हळूहळू मोडावयास घेतला, कारण त्याच्या जागी उभी राहणारी पिढी खाली तयार होत होती.

ही तयारी कशी होती, ते सांगितले पाहिजे. पहिल्या संघाखाली राखीव संघ, त्याखाली 'अ' संघ, 'ब' संघ आणि त्याखाली पोरसवदा मुलांचा संघ, अशी ती शिडी होती. पंधराव्या वर्षी शाळा सुटली की मुलगा क्लबाच्या मैदानावरील उमेदवार म्हणून यावयाचा. सतराव्या वर्षी व्यावसायिक करार व्हावयाचा. परगावच्या मुलांना क्लबाच्या विश्वासातील बायांच्या घरी राहावयास व जेवावयास ठेवीत. जो आर्मस्ट्राँग हा मुख्य हेर. तो मुलापेक्षा मुलाच्या आईशी अधिक बोले, असे त्याच्याविषयी सांगतात. नॉर्थम्बरलंडच्या खाणगावातून बॉबी चार्ल्टन आला, डडलीहून डंकन एडवर्ड्स आला, डब्लिनहून लियम व्हेलन आला, आणि शेजारच्या सॅलफर्डमधून एडी कोलमन आला. बिल फौक्स तर पहिल्या संघात खेळू लागल्यावरही काही काळ कोळशाच्या खाणीत नोकरी करीत होता.

मर्फी या मुलांचा वस्ताद होता. आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळतात. तेथील श्रोत्यांना मर्फी कोण हे वेगळे सांगावयास नको. पट्ठ्याला चारचौघांत ओरडावे, एकट्याला घेऊन तोच डाव शंभरदा करून घ्यावा आणि कुस्ती जिंकली की श्रेय त्याला देऊन आपण मागे उभे राहावे, हा वस्तादाचा धर्म. चार्ल्टनने आयुष्यभर मर्फीचे हे ऋण मान्य केले.

आता एक अर्थशास्त्रीय गोष्ट. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. १९५८ साली ती आठवड्याला अवघी वीस पौंड होती. शिवाय करार संपला तरी क्लबाच्या संमतीवाचून खेळाडूस अन्यत्र जाता येत नसे. श्रीमंत क्लबही अधिक वेतनाचे आमिष उघडपणे दाखवू शकत नव्हता. अशा काळात एखादा गुणी मुलगा एका क्लबाकडे का जाईल? तेथे वर चढण्याची वाट मोकळी आहे असा विश्वास असेल तर. बस्बीने हाच विश्वास उभा केला. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाढविलेला खेळाडू स्वस्त पडे आणि बांधलेला राही. १९५० साली चार्ली मिटन हा आघाडीचा खेळाडू भरपूर पगारासाठी थेट कोलंबियातील बोगोटा येथे गेला. परत आल्यावर त्याच्यावर बंदी आली आणि क्लबाने त्याला विकून टाकले. वात्सल्य आणि मालकी ही या धोरणात पहिल्यापासून एकाच घरात नांदत होती.

फळ मात्र विलक्षण आले. १९५२-५३ साली तरुणांसाठी एफ. ए. यूथ कप सुरू झाला. पहिली पाचही वर्षे तो युनायटेडनेच जिंकला. एडवर्ड्स सोळाव्या वर्षी पहिल्या संघात खेळला. १९५६ साली या संघाने अकरा गुणांच्या अंतराने लीग जिंकली. खेळाडूंचे सरासरी वय बाविशीच्या आसपास होते. १९५७ साली पुन्हा तेच. वृत्तपत्रांनी त्यांना 'बस्बीची बाळे' म्हटले. बस्बीने विकत काहीच घेतले नाही, असे मात्र नव्हे. टॉमी टेलरसाठी त्याने १९५३ साली बार्न्सलीला २९,९९९ पौंड दिले. पोराच्या डोक्यावर तीस हजारांचे ओझे नको म्हणून एक पौंड चहा देणाऱ्या बाईच्या हातावर ठेवला, ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु बाजारातून आणावयाचे ते फक्त उणीव भरण्यापुरते, हा त्याचा नियम होता. लीगच्या अधिकाऱ्यांची नाराजी पत्करून १९५६ साली त्याने हा संघ युरोपियन कपात उतरविला. त्या स्पर्धेत खेळणारा हा पहिला इंग्रज क्लब.

आणि मग ६ फेब्रुवारी १९५८ हा दिवस उगवला. बेलग्रेडचा सामना बरोबरीत सोडवून, एकूण गोलांवर पुढील फेरी गाठून, संघ परतत होता. म्यूनिकच्या विमानतळावर बर्फाच्या चिखलातून विमानाने तिसऱ्यांदा उड्डाणाचा प्रयत्न केला आणि ते कोसळले. तेवीस माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू होते. या आठांपैकी टेलर तेवढा विकत घेतलेला. बायर्न, बेंट, कोलमन, जोन्स, पेग, व्हेलन आणि पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून गेलेला एडवर्ड्स, हे सातही क्लबाने पोरवयापासून वाढविलेले. मृतांत वॉल्टर क्रिकमर होते, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ही शाखा काढली होती. प्रशिक्षक बर्ट व्हॉली होता आणि टॉम करी होता. झाड तर गेलेच, माळीही गेले. बस्बी स्वतः रुग्णालयात प्राणवायूच्या तंबूत होता.

मर्फी त्या विमानात नव्हता. वेल्सच्या राष्ट्रीय संघाचे कामही तो पाहत असे. कार्डिफला इस्राएलशी सामना होता म्हणून तो मागे राहिला होता. सारा भार त्याच्यावर पडला. १९ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर शेफील्ड वेन्स्डेशी एफ. ए. कपचा सामना झाला. त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या अकरा जागा कोऱ्या होत्या. कोण खेळणार हे छपाईच्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. साठ हजारांच्या जवळपास माणसे त्या कोऱ्या जागा हातात धरून बसली होती.

बस्बीच्या धोरणाची खरी परीक्षा त्या कोऱ्या कागदावर झाली. मर्फीने घाईघाईने दोन अनुभवी खेळाडू विकत घेतले. त्यांपैकी क्राउदरचा करार सामन्याला तासाभराचा अवधी उरला असताना झाला. अपघातातून वाचलेले ग्रेग आणि फौक्स उभे राहिले. उरलेल्या जागा शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरून भरल्या. पहिल्यांदाच पहिल्या संघात आलेल्या शे ब्रेननने दोन गोल केले; अठराही पूर्ण न झालेल्या अ‍ॅलेक्स डॉसनने तिसरा. सामना ३-० असा जिंकला. ही मुले अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि तेथे बोल्टनकडून हरली.

येथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. त्याच काळात लीगच्या उरलेल्या चौदा सामन्यांत युनायटेडला केवळ एकच विजय मिळाला. पोरांच्या खांद्यांना मर्यादा असते. विकत घेतलेल्या संघापेक्षा घडविलेला संघ नेहमीच अधिक जिंकतो, असे इतिहास सांगत नाही. तो इतकेच सांगतो की, विकत घेतलेला संघ म्हणजे अकरा माणसे, आणि घडविलेला संघ म्हणजे एक परंपरा. अकरा माणसे एका दुपारी नाहीशी होऊ शकतात. परंपरेला मरावयास त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोणीतरी मर्फी तिला सावरू शकतो.

पुढची दहा वर्षे बस्बीने संघ पुन्हा बांधला. या वेळी हात थोडा सैल सोडला. १९६२ साली डेनिस लॉसाठी १,१५,००० पौंड मोजले. पण बेलफास्टहून पंधराव्या वर्षी आलेला जॉर्ज बेस्ट त्याच जुन्या शिडीने वर आला. २९ मे १९६८ रोजी वेम्ब्लीवर बेन्फिकाचा ४-१ असा पराभव करून युरोपियन कप जिंकला, तेव्हा लॉ गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात होता. मैदानावरील अकरांत बहुतेक क्लबातच वाढलेले होते. म्यूनिकहून वाचलेले चार्ल्टन आणि फौक्स होते, त्या कोऱ्या पत्रिकेच्या रात्रीचा ब्रेनन होता, आणि त्याच दिवशी एकोणीस वर्षांचा झालेला ब्रायन किड होता. चारही गोल घरच्याच मुलांनी केले.

येथे थांबलो तर कथा गोड होईल, पण इतिहास अपुरा राहील. म्यूनिकला जखमी झालेले ब्लँचफ्लॉवर आणि बेरी पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत, आणि क्लबाच्या मालकीची जी घरे त्यांना राहावयास दिली होती, ती त्यांना सोडावी लागली. जोवर पाय चालत होते तोवर 'आमचा मुलगा', आणि पाय थांबले की भाडेकरू! ज्यांची नावे अजिंक्यपदाच्या यादीत नाहीत, जी 'ब' संघातूनच घरी परतली, त्या मुलांची तर गणतीही कोणी ठेवली नाही.

शिडी मात्र टिकली. बस्बी निवृत्त झाल्यावर १९७४ साली क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी तळची भरती थांबली नाही. १९९२ साली गिग्ज, बेकहॅम, बट यांच्या संघाने यूथ कप जिंकला आणि १९९६ साली त्याच पिढीने लीग व कप दोन्ही आणले. ऑक्टोबर १९३७ पासून या क्लबाच्या प्रत्येक सामन्याच्या संघात घरचा एक तरी खेळाडू राहिला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा सामन्यांची संख्या चार हजारांवर गेली.

आज इंग्लंडच्या मोठ्या क्लबांजवळ मुलांसाठी भव्य प्रशिक्षणकेंद्रे आहेत. पण हिशेबाचे नवे कोडे उभे राहिले आहे. घरी वाढलेल्या खेळाडूची वहीत खरेदीकिंमत नसते. म्हणून तो विकला की आलेली रक्कम जवळजवळ सारी नफ्यात जमा होते. खर्चाचे नियम सांभाळण्यासाठी घरचीच मुले विकण्याचा मोह २०२० नंतरच्या वर्षांत अनेक क्लबांना झालेला दिसतो. परसातली भाजी पुन्हा बाजारात जाऊ लागली आहे.

श्रोतेहो, शाळा असो, नाटकमंडळी असो, गायनाचे घराणे असो की सार्वजनिक संस्था असो, ज्या कोणी पंधरा वर्षांचा मुलगा हाती घेतला, त्याने केवळ एक खेळाडू, नट वा कार्यकर्ता मिळविला असे होत नाही. त्याने एक पालकत्व पत्करलेले असते. ते निभावणारी संस्था आपत्तीतही उभी राहते, हे मँचेस्टरच्या त्या कोऱ्या पत्रिकेने दाखविले. आणि ते अर्धेच निभावले तर काय होते, हे त्या दोन रिकाम्या केलेल्या घरांनी दाखविले. पेरणाऱ्याने आलेल्या पिकाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण आपल्या वहीत न उगवलेल्या दाण्यांसाठीही एक पान राखून ठेवावे.