मोठेपणी शिकलेला धर्म

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा ‘आलेफ’ गिरवलं. हिब्रूतलं हे पहिलं अक्षर. सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, रविवारी सकाळी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून. वर्गात आम्ही नऊजण. सगळ्यात लहान मी, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या आंटी पंचाहत्तरीच्या. पहिल्या दिवशी मला लाज वाटत होती. आपण बेने इस्रायली, आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात शब्बाथला दिवा लागतो, आणि स्वतःच्या प्रार्थनेतलं एक अक्षर वाचता येत नाही?

आंटींची अडचण माझ्या उलटी होती. त्यांना सगळं पाठ होतं. त्यांच्याकडे वडिलांची एक जुनी वही होती, तिच्यात हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवलेल्या. शाई फिकट झालेली, पण अक्षर मोत्यासारखं. त्या वहीवरून त्या आयुष्यभर प्रार्थना म्हणत आल्या. आता मूळ पान समोर आल्यावर कुठला उच्चार कुठल्या अक्षराचा, ते त्यांना कळेना.

मग मी आमच्या समाजाचा इतिहास वाचायला घेतला, आणि माझी लाज हळूहळू कमी झाली. कारण मोठेपणी शिकणं हीच आमची जुनी पद्धत आहे.

आमची कथा तुम्हांला थोडीफार माहीत असेल. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ग्रंथ बुडाले होते. जे उरलं ते सवयींत उरलं: आठव्या दिवशी सुंता, शनिवारची सुट्टी, खाण्यातली पथ्यं, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. जन्म असो की लग्न की मृत्यू, म्हणायची ती शेमाच.

पुढे दाविद राहाबी नावाचा माणूस येतो. तो नेमका कधी आला यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काही जण त्याला कोचीनच्या अठराव्या शतकातल्या राहाबी घराण्यातला मानतात. परंपरा सांगते की त्याने गावातल्या बायकांपुढे मासे टाकले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. राहाबीला खूण पटली. मग त्याने तीन माणसं निवडून त्यांना हिब्रू आणि विधी शिकवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतली ही माणसं पुढे ‘काजी’ झाली. गावोगाव जाऊन विधी करणं, तंटे सोडवणं ही त्यांची कामं.

म्हणजे आमच्या आठवणीतला पहिला वर्ग हा प्रौढांचाच. आणि त्याची प्रवेशपरीक्षा बायकांनी स्वयंपाकघरात, एकही अक्षर न वाचता पास केली होती!

त्यानंतरही बराच काळ आम्हांला सिनेगॉग नव्हतं. 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने मुंबईत मांडवीला पहिलं बांधलं. नाव ‘शाआर हा-रहमीम’, पण लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. तिथे प्रार्थना चालवायला आणि शिकवायला कोचीनहून शिक्षक येऊ लागले. त्यांतलं शेलोमो सालेम शुर्राबी हे नाव आजही आदराने घेतलं जातं.

दुसरे शिक्षक आले ते मात्र वेगळ्याच हेतूने. ख्रिस्ती मिशनरी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत आमची मुलं शिकली, काहीजण तिथे मास्तर झाले. जुना करार मराठीत आला आणि मोशे, दावीद, एस्तेर यांच्या गोष्टी लोकांनी पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत सलग वाचल्या. मिशनऱ्यांना वाटत होतं की हे लोक वाचतील आणि ख्रिस्ती होतील. लोकांनी वाचलं, आणि बहुतेक सगळे अधिक पक्के यहुदी झाले.

मग आमच्या लोकांनी छापखाना हातात घेतला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ 1846 मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत निघाली. 1874 मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताहेत. मिसरमधून सुटलेल्या इस्रायलींची गोष्ट, आणि चित्रातल्या बायका आपल्या शेजारणींसारख्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834 ते 1905) या मुख्याध्यापकांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सिनेगॉगमध्ये येणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतोय ते त्यामुळे कळू लागलं.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी कीर्तन आलं. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या काही मंडळींनी हिंदू कीर्तन ऐकलं आणि विचार केला, आपल्या गोष्टी अशा का सांगू नयेत? बेंजामिन अष्टमकर हे त्यातले एक पुढारी. आर्या, साक्या, दिंड्या, मधूनमधून निरूपण, सगळा थाट मराठी कीर्तनाचा. आख्यान मात्र अब्राहामाचं किंवा योसेफाचं. आज ज्याला आपण ‘प्रौढ शिक्षण’ म्हणू, ते तेव्हा पेटीच्या साथीवर चालत असे.

हे सगळं शिकणं हौसेचं होतं असं कुणाला वाटेल. पण न शिकल्याची किंमतही आम्ही मोजली आहे. 1948 नंतर आमची माणसं इस्रायलला जाऊ लागली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्रायलींची लग्नं लावण्याआधी त्यांच्या पिढ्या तपासाव्यात. मुद्दा असा, की कोकणातल्या आमच्या पूर्वजांना घटस्फोटाचे धर्मशास्त्रीय नियम ठाऊक होते का? ठाऊक नसतील, तर पुढची लग्नं शुद्ध कशी मानायची? खापरपणजीला एक नियम माहीत नव्हता, म्हणून पणतीचं लग्न अडलं. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, आणि 1964 मध्ये बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत हे तिथल्या संसदेत स्पष्ट करण्यात आलं. माझ्या घरात त्या वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पण आमच्याकडे धर्माचा वर्ग इतक्या गंभीरपणे का घेतला जातो, ते मला तेव्हा कळलं.

2011 च्या जनगणनेत भारतभर मिळून साडेचार हजारांच्या आसपास यहुदी नोंदले गेले. आमचा वर्ग आता इंग्रजीत चालतो. पुस्तिका परदेशातून येतात, नेटक्या, रंगीत. त्यांच्यात रोश हशाना असतो, योम किप्पुर असतो. मला त्या आवडतात, मी त्यांच्यावरच शिकते आहे. पण एका रविवारी आंटींनी सरांना मध्येच थांबवलं.

“हा योम किप्पुर म्हणजे आपला दारफाळणीचाच सण ना?”

सर तरुण आहेत, बाहेर शिकून आलेले. त्यांनी हा शब्द ऐकलेला नव्हता. मग आंटींनी यादीच सांगितली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. वल्हांडण म्हणजे अनशी धाकाचा सण. मंदिर पडल्याचा शोक करायचा तो बिरड्याचा रोजा, त्या दिवशी उपास सोडायला बिरडं असतं म्हणून. दारफाळणी कशाला म्हणतात, तर त्या दिवशी घराची दारं लावून बसायचं, कुणाला शिवायचं नाही. ग्रंथ हरवले होते तेव्हा दिवस कुणी सांभाळले? या नावांनी. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले, एकीकडे हिब्रू नावं, एकीकडे आमची. वर्गातल्या सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी मोबाईलवर फोटो काढला, मग फोन ठेवला आणि हातानेही लिहिलं.

आता आम्हां दोघींचं ठरलंय. आंटी वडिलांच्या वहीतून एकेक शब्द म्हणतात आणि मी छापील हिब्रूत त्याच्यावर बोट ठेवते. त्यांना अक्षर कळतं, मला चाल कळते. एका ओळीला दहा मिनिटं लागतात. मागच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा वही मिटून ठेवली आणि शेमाची पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, बोट फिरवत, स्वतः वाचली. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “चल, पुढची.”