भोजकटचे द्यूत आणि पात्राचे सहा गुण

१/ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पात्र सहा गुणांनी मोजले जाते : बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव. माणसाचे असे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याची दोन उत्तम उदाहरणे विदर्भाच्या कथांत सापडतात. #धागा

२/ अमरावतीजवळचे भातकुली म्हणजे रुक्मीचे भोजकट, अशी परंपरा आहे. कृष्णाकडून पराभूत झाल्यावर रुक्मी कुंडिनपुरास परतला नाही. त्याने भोजकट वसवले, असे पुराणे सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी हे नाव ऐतिहासिक आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातील चम्मक ताम्रपटात ‘भोजकट राज्या’चा उल्लेख येतो. चम्मक हे गाव अचलपूरजवळच आहे.

३/ भागवताच्या दशम स्कंधात अनिरुद्धाच्या विवाहासाठी यादव भोजकटास येतात. तेथे कलिंगराजा रुक्मीला सुचवतो की, बलरामाला फासे खेळता येत नाहीत, पण त्यांचा नाद मोठा आहे. त्याला खेळायला बोलाव.

४/ हे वाक्य म्हणजे पात्ररचनेचा पहिला धडा होय. कसब आणि आवड हे दोन वेगळे गुण आहेत. बलरामाच्या बळाला तोड नाही, पण त्या बळाचा पटावर काहीही उपयोग नाही. शत्रू हेरतो ती नेमकी ही फट. सर्वच गुण उच्च असलेल्या पात्राची कथा पुढे सरकत नाही.

५/ दुसरे उदाहरण महाभारताच्या वनपर्वातील नलाचे. नल अश्वविद्येत निष्णात, पण द्यूतात राज्य गमावलेला. ऋतुपर्ण अक्षविद्येत आणि गणनेत निष्णात. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने व फळे क्षणात मोजून दाखवतो. पुढे दोघांत विद्यांची देवघेव ठरते. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत, हे लक्षात घेतले की झाडाची निवड किती अचूक आहे ते कळते.

६/ येथे दुसरा धडा मिळतो : गुण मिळवता येतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

७/ आता फाशांचे गणित. मूळ खेळात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकत. एकूण शक्यता २१६. त्यांपैकी १८ ही बेरीज एकदाच येते. १० किंवा ११ मात्र ५४ वेळा, म्हणजे चारात एकदा. बहुतेक पात्रे सामान्यच निपजतात. खेळाची खरी गंमत त्यातच असते.

८/ पुन्हा भोजकटास येऊ. बलराम अखेर मोठे पण जिंकतो. रुक्मी ते नाकारतो आणि हिणवतो की, रानात फिरणाऱ्या गवळ्यांना फासे काय कळणार, तो राजांचा खेळ. डाव बलरामाने जिंकल्याची ग्वाही आकाशवाणीने आधीच दिलेली असते. तरीही रुक्मी जन्मावरून कौशल्य ठरवतो. परिणामी त्याचा वध होतो आणि मंगलकार्यात रक्त सांडते.

९/ हा वाद आधुनिक खेळातही आला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राच्या वंशानुसार गुणांत ठरावीक वाढ मिळत असे. २०२० मध्ये ती वाढ हव्या त्या गुणाला देण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नियमपुस्तकात ती पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने काय शिकले व केले याच्याशी, जोडली गेली.

१०/ म्हणून पात्राच्या कागदावरचे आकडे निरुपद्रवी नसतात. कोण काय करू शकतो आणि ते कशावरून ठरते, याविषयीचे आपले मत त्यांत उतरते. पुढच्या वेळी पात्र रचताना प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारा : हा जन्माने आला, की नलासारखा वाटेत मिळवला?