कूळ सोडून गेलेल्या तारकांचा माग

चवथीला कारवार-मंगळूरकडून गोव्यातल्या देवस्थानांत कुळावी येतात. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात इथून बाहेर पडले. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला हलवला गेला. कित्येक घराणी त्याहून दूर दक्षिणेला गेली. बोली बदलली, आडनावे बदलली, तरी कुलदैवत आणि गोत्र विचारले की मूळ गाव सापडते. आकाशातल्या एका घराण्याचा इतिहासही शास्त्रज्ञांनी अगदी अलीकडे असाच शोधून काढला.

या घराण्याचे नाव ओमेगा सेंटॉरी. चवथीच्या दिवसांत ते सूर्यापाठोपाठ मावळते, म्हणून पाहायचे तर उन्हाळ्यात. मेच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास चोपड्याहून शापोरा नदीपलीकडे शिवोलीकडे तोंड करून उभे राहावे. चित्रा तारा समोर वर असतो. त्याच्या सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठी मोजल्या, की काळोख्या रात्री एक पुसट ठिपका दिसतो. टॉलेमीने दुसऱ्या शतकात तो तारा म्हणूनच नोंदवला आणि 1603 मध्ये बायरने त्याला ओमेगा हे ग्रीक अक्षर दिले. हा एकटा तारा नव्हे, हे 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीच्या ध्यानात आले. खरे तर तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, आपल्यापासून सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षे दूर.

असा गुच्छ आकाशगंगेभोवती फिरतो. आकाशगंगेची ओढ त्याच्या जवळच्या बाजूला जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी बसते. शापोऱ्याला भरती-ओहोटी येते ती चंद्राच्या अशाच ओढीमुळे. या ताणाने कडेचे तारे सुटतात; काही पुढे जातात, काही मागे राहतात, पण वाट बहुधा गुच्छाचीच धरतात.

ते ओळखायचे कसे? 2013 मध्ये सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची जागा आणि चाल मोजली. स्ट्रासबूर्गचे रॉड्रिगो इबाटा आणि ख्याती मल्हान यांनी या गर्दीतून एका चालीने जाणाऱ्या ताऱ्यांचे प्रवाह वेगळे काढण्याची पद्धत बसवली. त्यांत सापडलेल्या एका प्रवाहाला नॉर्स पुराणातल्या नदीचे फिंबुलथुल हे नाव मिळाले (उच्चारायला जड खरे!). 2019 मध्ये इबाटा, मल्हान आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हा ओमेगा सेंटॉरीतूनच निघालेला प्रवाह असून तो गुच्छापासून 28 अंशांपर्यंत पसरला आहे. त्यातल्या पाच ताऱ्यांचा प्रकाश बारकाईने तपासला. वेग एकमेकांशी जुळले आणि धातूंचे प्रमाण गुच्छाशी जुळले. म्हणजे चालही तीच आणि गोत्रही तेच.

मला यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्याला आपण मूळ घर म्हणतो तो गुच्छच एका छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असा खगोलशास्त्रज्ञांचा जुना संशय आहे, आणि या प्रवाहाने त्याला बळ दिले. ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेने फार पूर्वी गिळली असावी. तसे असेल, तर तिचे बाकीचे तारे आपल्याच आकाशात विखुरलेले असणार, आणि त्यांचा माग काढणे अजून चालू आहे.