दोष कोणाचा, भार कोणाचा?

यंत्राच्या पट्ट्यात सापडून हात तुटला, तर त्याची वेदना लंडनमध्ये, बर्लिनमध्ये आणि मुंबईत सारखीच असते. त्या हाताची भरपाई मात्र देशाची सीमा ओलांडताच बदलते. हा भेद केवळ संपत्तीचा नाही. अपघातानंतर कायदा पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरही तो अवलंबून असतो.

इंग्लंडच्या कायद्याचा पहिला प्रश्न होता, दोष कोणाचा? १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला न्यायालयापुढे आला. प्रमाणाबाहेर लादलेली गाडी मोडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. ज्यूरीने त्याला १०० पौंड देऊ केले. वरिष्ठ न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला. धोका दिसत असता नोकराने काम नाकारावयास हवे होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. काम नाकारणाऱ्याची चूल कशी पेटणार, हा विचार त्यात नव्हता. पुढे याच विचारातून एक कठोर तत्त्व रूढ झाले : सहकाऱ्याच्या हयगयीने इजा झाली, तर मालक जबाबदार नाही. १८९७ च्या कायद्याने काही धोक्याच्या धंद्यांत दोष सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली. पण ते तत्त्व पुरते नाहीसे होण्यास १९४८ साल उजाडले.

जर्मनीने प्रश्नच बदलला. दोष कोणाचा यापेक्षा, जखमी माणूस उद्या खाणार काय, हे बिस्मार्कच्या १८८४ च्या अपघातविमा कायद्याने विचारले. त्यामागे केवळ भूतदया नव्हती. कामगारांना समाजवाद्यांपासून दूर ठेवण्याचा मुत्सद्दी हेतूही होता. धंदेवार मालकसंघ स्थापन झाले आणि वर्गणीचा सारा भार मालकांवर पडला. पूर्णपणे निकामी झालेल्या कामगारास वेतनाच्या दोनतृतीयांश निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याच्या बदल्यात, मालकाने बुद्धिपुरस्सर इजा केल्याखेरीज त्याच्यावर दावा लावण्याचा हक्क कामगाराने सोडला.

योगायोग असा की, त्याच १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती यांच्या जोडीने त्यांची एक मागणी होती : कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. बर्लिनमध्ये जे राज्यसत्तेने दिले, ते परळचे कामगार केवळ सह्यांच्या बळावर मागत होते. त्यांच्या देशात असा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मधल्या चाळीस वर्षांत किती हात तुटले असतील!

अमेरिकेत हा झगडा अधिकच विदारक झाला. दोष नसतानाही मालकास भरपाई द्यावयास लावणे घटनाबाह्य आहे, असे न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी ठरवले. दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्क शहरातील ट्रँगल कपडा कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. १९१३ साली राज्यघटना दुरुस्त करून नवा कायदा करण्यात आला.

भारतात पुढे दोन्ही वाटा एकत्र आल्या. १९२३ च्या कायद्याने कायमच्या अपंगत्वासाठी मालकाकडून एकरकमी भरपाई ठरवली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आलेल्या १९४८ च्या राज्य विमा कायद्याने विम्याची वाट धरली. तरी १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने एक कटू सत्य उघडे केले. दावा कोणत्या देशात चालावा, हाच पहिला वाद झाला. अमेरिकेतील न्यायालयाने १९८६ साली तो भारताकडे धाडला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. ज्या कंपनीचे मूळ अमेरिकेत, तिच्या वायूने गुदमरलेल्यांचे मोल भारतात ठरले.

न्यूझीलंडने सर्वांत दूरचा पल्ला गाठला. १ एप्रिल १९७४ पासून तेथे अपघातग्रस्तास नुकसानभरपाईचा दावा सहसा लावता येत नाही आणि लावण्याची गरजही उरलेली नाही. कारखाना असो, रस्ता असो वा घर, उपचारांचा भार सार्वजनिक निधी उचलतो आणि कमावत्या माणसास ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्नाच्या ८० टक्के रक्कम देतो. मोठ्या रकमेची आशा तेथे नाही. निष्काळजी माणसास खिशातून भरावे लागत नाही, हा आक्षेपही आहेच.

प्रत्येक पद्धतीची किंमत कोणीतरी मोजतोच. परंतु पुराव्याची कागदपत्रे गोळा करण्याचे ओझे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माथी मारावे की समाजाने ते वाटून घ्यावे, हे ज्या त्या देशाने रकमेचा आकडा ठरवण्यापूर्वीच ठरवलेले असते.