ज्याचे आयुष्य, त्याची आठवण

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता म्हटले की भास आणि भ्रमांचीच चर्चा होते. स्वतःच्या आयुष्याची स्मृतीही या आजारात विरळ होते, हे मात्र वैद्यकशास्त्राला फार उशिरा उमगले.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराचे वर्णन ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने केले. १९०८ मध्ये स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा मांडली. या आजारात स्मृती मुळात शाबूत राहते, असे त्यांचे मत होते.

या मताची नीट पारख होण्यासाठी स्मृतीचीच नवी विभागणी व्हावी लागली. १९७२ मध्ये एंडेल टल्विंग यांनी अर्थस्मृती आणि प्रसंगस्मृती असा भेद केला. आपण कोणत्या शाळेत शिकलो, हे माहीत असणे ही अर्थस्मृती; तिथल्या पहिल्या दिवशी पावसात भिजत वर्गात शिरल्याचे आठवणे ही प्रसंगस्मृती. पुढे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना आयुष्यातील नेमके प्रसंग विचारले गेले, तेव्हा उत्तरे बहुधा मोघम आली. १९९८ च्या एका अभ्यासात बालपण आणि नजीकचा काळ यांपेक्षा तारुण्यारंभाच्या आठवणी सर्वांत क्षीण आढळल्या. बहुतेकदा हा आजार याच वयात सुरू होतो, आणि ‘मी कोण’ याची घडणही याच वयात होत असते.

आपली कहाणी स्वतःला नीट सांगता येत नसेल, तर ती दुसरेच सांगतात. भारतात १९१२ च्या ‘लूनसी’ कायद्यानुसार पती, पत्नी किंवा नातेवाइकांच्या अर्जावरून दंडाधिकारी रुग्णाला मनोरुग्णालयात ठेवण्याचा आदेश देऊ शकत असे. कुटुंबाची दुसरी बाजू १९५० च्या दशकात अमृतसरला दिसली. तेथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहू दिले. त्यांना आजार समजला आणि रुग्णांचे घरी परतणे सुकर झाले. निसटलेल्या आठवणींचे धागे जपणारी माणसेही बहुधा हीच असतात. तरीही जपणे वेगळे आणि रुग्णाच्या वतीने बोलणे वेगळे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही सीमारेषा ओळखली. आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क त्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दिला.

विरळ स्मृती म्हणजे कोरी पाटी नव्हे. ‘तेव्हा कुठे होता? सोबत कोण होते? काय दिसत होते?’ असे नेमके प्रश्न विचारले, की मोघम उत्तरांत तपशील भरू लागतात, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवताना नातेवाइकांना जरूर विचारावे. पण पहिला प्रश्न रुग्णाला विचारावा आणि उत्तरासाठी त्याला पुरेसा वेळ द्यावा.