साधन आणि शिक्षक : पालघर परिसरातील शालेय शिक्षणाच्या इतिहासातील एक धागा (१९४५ ते २०२१)

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील पाम, कोलवडे, कुंभवली, सालवड ही गावे तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहेत. पश्चिमेला समुद्राच्या कडेला देशातील पहिले अणुवीज केंद्र असून तेथे १९६९ पासून वीजनिर्मिती होत आहे. पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतील वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी समाजाचे पाडे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रगत तंत्रविद्या आणि शालेय वंचितता यांचे इतके निकट सान्निध्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळते. शाळेत नवे साधन आले म्हणजे मुलांचे शिक्षण सुधारते काय, हा प्रश्न या भूमीवर विचारण्याला म्हणूनच विशेष अर्थ आहे.

हा प्रश्न आज ‘डिजिटल शाळा’ या नावाने विचारला जातो. त्यामुळे तो नवा आहे असा समज होतो. प्रस्तुत लेखात त्याचा इतिहास तपासला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या परिसरात साधनांच्या आगमनाचा इतिहास आणि शिक्षकांच्या ज्ञानाचा इतिहास हे दोन वेगळे प्रवाह असून, ते जेथे एकत्र आले तेथेच अध्ययनात टिकाऊ बदल झाल्याचे दिसते. यांपैकी पहिल्या प्रवाहाची नोंद सरकारदरबारी काटेकोर आहे. दुसऱ्याची मात्र जवळजवळ नाही.

आयात साधनाचे देशीकरण : बोर्डी आणि कोसबाड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालशिक्षणातील सर्वांत प्रगत ‘तंत्रज्ञान’ कोणते, असे विचारले तर माँटेसरी साहित्याचे नाव घ्यावे लागेल. लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगपट्ट्या, मण्यांच्या माळा ही सारी साधने अत्यंत नेमकेपणाने घडवलेली, ठरावीक मापांची आणि म्हणूनच महाग होती. संगणकाला जसा वापराचा ठराविक क्रम असतो, तसा या साधनांनाही होता. शहरातील सुस्थित घरांतील मुलांना ती उपलब्ध होत. खेड्यातील शाळेला ती परवडणे अशक्य होते.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत या पद्धतीचा अभ्यास केला होता. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९४५ मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. याच वर्षी तलासरी-डहाणू भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरोधी लढा उभा राहिला, हा योगायोग अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे. एकीकडे माणूस म्हणून उभे राहण्याची लढाई आणि दुसरीकडे त्याच समाजाच्या मुलांपर्यंत पाटी-पुस्तक पोहोचवण्याची धडपड, अशा दोन घटना एकाच तालुक्यात घडत होत्या.

बोर्डीचा अनुभव उद्बोधक आहे. वस्तीतील मुले बालवाडीच्या इमारतीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना येथे आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुले गुरे राखायला जात असल्याने शाळेत येत नसत. मुले कुरणात असतील तर शाळाही कुरणात, या विचारातून ‘कुरणशाळा’ निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ ही याच प्रयोगमालिकेचा भाग होय.

साधनांच्या बाबतीत कोसबाडने जे केले त्याची दखल शिक्षणाच्या इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माँटेसरी साहित्यामागील तत्त्व ठेवून वस्तू बदलण्यात आल्या. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, बांबूच्या कांड्या यांपासून गणन, वर्गीकरण, स्पर्शज्ञान यांची साधने तयार झाली. याला केवळ ‘स्वस्त पर्याय’ म्हणणे अपुरे आहे. कोणत्या वस्तूने कोणती संकल्पना शिकवता येईल, कोणत्या बिया मुलाच्या ओळखीच्या आहेत, कोणत्या ऋतूत काय मिळते, मूल कोठे अडते हे सर्व ठाऊक असल्याखेरीज असा बदल करता येत नाही. १९८६ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्य यांच्या संगमातून निर्माण होणाऱ्या, केवळ शिक्षकापाशी असणाऱ्या ज्ञानाची संकल्पना मांडली. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. नाव मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे हे ज्ञान कोसबाडला व्यवहारात होते.

नभोवाणी ते दूरचित्रवाणी

साधनाभोवती माणसांचा गट असेल तर काय घडते, याचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे, मात्र तो शाळेतला नव्हे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन करून २० कार्यक्रम प्रक्षेपित केले. कार्यक्रम ऐकल्यावर गावकरी त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात श्रोतृमंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्टपणे अधिक आढळली. केवळ रेडिओ असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत ती तेवढी नव्हती.

पुढे १९७५–७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवणारा ‘साइट’ प्रयोग झाला. त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८४ मध्ये इन्सॅट योजनेअंतर्गत पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली आणि मराठीत मुलांसाठी मोठ्या प्रमाणावर कार्यक्रमनिर्मिती झाली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक, दुसरी खोली आणि शैक्षणिक साहित्याची पेटी देऊ केली. त्याच सुमारास शैक्षणिक तंत्रविज्ञान योजनेतून शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट यंत्रे मिळू लागली.

या साधनांचे पुढे काय झाले हे जिल्हा परिषद शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. संच जडवस्तू नोंदवहीत चढला की तो हरवू नये ही मुख्याध्यापकाची जबाबदारी होते, आणि हरवू नये याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कपाटाला कुलूप. शिक्षकाच्या अनास्थेवर याचे खापर फोडणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. ज्या पाड्यावर वीज नाही तेथे संच चालणार कसा, आणि एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळीत असताना प्रक्षेपणाची वेळ कोणत्या इयत्तेसाठी राखणार? बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. तिच्या कार्यक्रमांतील भाषा आणि विक्रमगडच्या पाड्यावरील मुलाची वारली बोली यांच्यातील अंतर कोणत्या वर्गात कोणत्या शिक्षकाने कसे भरून काढले, याचे दस्तऐवज मिळत नाहीत.

खैराट, पाष्टेपाडा आणि परितेवाडी

संगणकयुगातील तीन मराठी शाळा येथे तुलनेसाठी घेणे उचित ठरेल. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. या उपक्रमामागील विचार असा की, यंत्र मुलाच्या हाती दिले की मूल स्वतः शिकते. खैराटच्या शिक्षकांनी त्याचा वर्गातील कामाशी मेळ घातला, मुलांची शाळेतील गोडी वाढली. परंतु उपक्रमाचा पाया शिक्षकावर नव्हता आणि देशात त्याचा फारसा विस्तार झाला नाही. याच उपक्रमाचे पेरू देशातील ३१९ शाळांत मूल्यमापन होऊन २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा या विषयांत लक्षणीय प्रगती आढळली नाही.

शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचा मार्ग उलटा होता. तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी स्वतः जुळवाजुळव करून टॅब्लेटवर अध्यापन सुरू केले आणि विजेची अडचण सौरऊर्जेने सोडवली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून ध्वनी-चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या. ही कल्पना पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही आली. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाष्टेपाडा आणि परितेवाडी येथे यंत्र साधेच होते. कोणत्या अडचणीवर ते लावायचे हा निर्णय वर्गात उभ्या असलेल्या माणसाने घेतला होता.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि लोकसहभागातून डिजिटल शाळा उभारण्याची लाट आली. या काळातील अधिक महत्त्वाची घटना मात्र वेगळी आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट येथील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात बसून शिकणे, याला कोणतेही यंत्र लागले नाही. त्या वर्गांच्या बाह्य खुणांचीही नक्कल झाली, आणि रंगवलेली फरशी म्हणजेच ज्ञानरचनावाद असा समज काही ठिकाणी झाला, हेही नोंदवले पाहिजे.

यंत्र शिक्षकाच्या जोडीला असावे की जागी, या प्रश्नावर गुजरातमधील संशोधन निर्णायक आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वडोदऱ्यातील संगणकाधारित गणित कार्यक्रमाने मुलांच्या गुणांत भरीव वाढ झाली होती. नंतर ली लिंडन यांनी गुजरातमध्येच दाखवून दिले की, नियमित तासाला पूरक म्हणून दिलेला संगणक उपयोगी ठरतो; तासाच्या बदल्यात दिलेला संगणक मुलांना मागे नेतो.

पालघरमधील दुसरी परंपरा

कोसबाडची परंपरा अनुताईंच्या नंतर खंडित झाली नाही. त्यांच्या हयातीतच, १९८२ मध्ये, रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ संस्था स्थापन झाली आणि डहाणू तालुक्यातील ऐने येथील शाळा प्रयोगाचे केंद्र बनली. तेथे काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली. वाडा तालुक्यातील सोनाळे येथून ती चालते. वाचन-लेखनात मागे राहिलेल्या मुलांसाठीचा ‘अनुपद’ आणि अंगणवाडीसाठीचा ‘पालवी’ हे तिचे उपक्रम शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणावर उभे आहेत. येथे चित्रफीत हे साधन मुलाऐवजी शिक्षकासाठी वापरले जाते, हा फरक मला मोलाचा वाटतो. मूल अक्षर वाचताना कोठे थबकते हे पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहून त्यावर चर्चा करता येते, तेव्हा एका शिक्षकाचे निरीक्षण अनेकांचे होते.

वसई भागात १९९० च्या दशकात ‘विधायक संसद’ संस्थेने वीटभट्ट्यांवरील स्थलांतरित मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात, तेव्हा पाड्यावरील वर्ग ओस पडतो. कुरणशाळेतील सूत्र येथे नव्या परिस्थितीत पुन्हा अवतरले. याउलट बोईसर-तारापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीमुळे उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका शिक्षकापुढे वारली बोलणारी मुले, तर तीस-चाळीस किलोमीटरवर दुसऱ्यापुढे भोजपुरी आणि हिंदी बोलणारी मुले. दोघांनाही क्यूआर कोडमागे मिळणारा पाठ एकच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. उरलेल्या जवळपास चार दशांश मुलांना ऑनलाइन वर्ग अस्तित्वातच नव्हता. सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने घर-परिसरातील वस्तूंतून शिकण्याचे पाठ दिले, ही त्या काळातील जमेची बाजू. तरीही पाड्यांवर शिक्षण सुरू राहिले ते मुख्यत्वे झाडाखाली, ओटीवर किंवा अंगणात मुलांचे छोटे गट जमवणाऱ्या शिक्षकांमुळे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले, तोपर्यंत पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात न बसताच दुसरीत गेले होते.

दस्तऐवजांचा प्रश्न

या विषयाच्या अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची असमतोल नोंद ही आहे. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत दूरचित्रवाणी संच, संगणक, प्रक्षेपक, टॅब्लेट यांची तारीखवार नोंद सापडते. शेरेबहीत अधिकाऱ्यांच्या भेटी सापडतात. परंतु वारली मुलाला ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद, हातच्याची वजाबाकी किंवा प्रमाण मराठीतील क्रियापदाचे रूप कोणत्या युक्तीने समजले, हे टाचणवहीच्या समासात एखाद्या ओळीत असले तर असते, आणि वर्ष संपले की टाचणवहीचे काम संपते. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीतून होऊ लागल्या. या जिल्ह्यात अन्य जिल्ह्यांतून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने असून त्यांना स्वजिल्ह्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. दहा वर्षे एका पाड्यावर राहून बोली आत्मसात केलेला शिक्षक एका आदेशाने निघून जातो. नव्याला शाळेचा कार्यभार देताना प्रक्षेपकाची स्वाक्षरी घेतली जाते. बोलीची यादी कोणी मागत नाही.

पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना येथे काम आहे. खडू-फळा मोहिमेच्या काळात नेमणूक झालेल्या शिक्षकांची पिढी आता निवृत्त झाली आहे, आणि त्यांतील अनेकजण याच तालुक्यांत स्थायिक आहेत. पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पकार्यात त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्यांच्याकडील टाचणवह्या आणि हस्तनिर्मित साहित्याची छायाचित्रे घेऊन तालुकानिहाय संग्रह उभारता येईल. त्यासाठी लागणारे उपकरण आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. मुलाखत घेणाऱ्यांत वारली, कोकणा बोलणारे विद्यार्थी असावेत, कारण निवृत्त गुरुजी ज्या शब्दांनी वर्ग चालवीत असत ते शब्द ऐकताच ओळखणारा कान त्यांच्यापाशीच आहे.